उद्योजकाचा चरित्रपट पुरस्कारांपर्यंत कसा न्यायचा: कोल्हापुरातून करायची तयारी

राजारामपुरीतल्या एका एडिट रूममध्ये आम्ही चित्रपटाचा पहिला कट बघत बसलो होतो. नायक उद्यमनगर या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात छोट्या गाळ्यात लेथ (धातू कातायचं यंत्र) चालवतो, पुढे स्वतःचं यंत्र तयार करतो, ते परदेशात विकतो, अशी खरी घडलेली गोष्ट. ज्यांच्यावर चित्रपट होता त्यांच्या हाताखाली उमेदीची सगळी वर्षं घालवलेले एक मिस्त्रीही आम्ही मुद्दाम बोलावले होते. दहाव्या मिनिटाला ते म्हणाले, "दादा, जरा थांबवा. ह्यो आवाज आमच्या लेथचा न्हाई. आमचा पट्ट्याचा हुता, ह्यो गिअरचा हाय."

साउंड करणाऱ्या पोराने तयार लायब्ररीतला आवाज लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिरोलीच्या एका जुन्या शेडमध्ये गेलो. तिथे पट्ट्यावर चालणारा लेथ होता. चामडी पट्ट्याचा सांधा पुलीवरून गेला की एक बारीक "टक्" असा आवाज येतो आणि लेथचा वेग वाढला की ती टकटक जवळजवळ येत जाते. तो आवाज रेकॉर्ड झाला आणि अख्ख्या पहिल्या भागाला वेगळीच लय आली. पुढे त्या चित्रपटाबद्दल जाणकार बोलले तेव्हा ध्वनीचा उल्लेख सगळ्यात आधी झाला.

हा प्रसंग आधी सांगितला कारण अशा चित्रपटांना मान कुठे मिळतो, याचं उत्तर त्यात आहे. माझ्याकडे कागदपत्रांसाठी येणारे बहुतेक निर्माते विचारतात, "आमच्या हिरोला बेस्ट ॲक्टर मिळंल का?" मिळूही शकेल. पण तंत्रज्ञ-उद्योजकाचं खरं काम डोक्यात, ड्रॉइंगवर, कोडमध्ये चालतं, आणि डोक्यात चाललेलं काम कॅमेऱ्याला दिसत नाही. ते दिसायला लावायची कामगिरी पटकथा, संकलन, ध्वनी आणि पार्श्वसंगीत यांच्या अंगावर येते. पुरस्कारांची तयारी तिथून करायची.

पहिली पायरी: विभाग आधी ठरवा, शूटिंगच्या आधी

फेसबुकच्या जन्मकथेवरचा "द सोशल नेटवर्क" घ्या. ८३ व्या ऑस्करमध्ये त्याला ८ नामांकनं होती. हाती आली ३: आधारित पटकथा, संकलन आणि पार्श्वसंगीत. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्या वर्षी "द किंग्ज स्पीच"ला गेला, तोही चरित्रपटच. संगणकासमोर बसून टाइप करणाऱ्या मुलाची गोष्ट संवादांच्या वेगावर आणि कटच्या वेगावर उभी राहिली, आणि बक्षीसही त्याच हातांना मिळालं.

विमानं बनवणाऱ्या हॉवर्ड ह्यूजवरच्या "द एव्हिएटर"चं चित्र थोडं निराळं. ११ नामांकनांतून ५ ऑस्कर मिळाले: छायाचित्रण, संकलन, कला दिग्दर्शन, वेशभूषा आणि सहाय्यक अभिनेत्री म्हणून केट ब्लँचेट. विमान डोळ्याला दिसतं, काळ डोळ्याला दिसतो, म्हणून तिथे दृश्य विभाग पुढे आले. मुख्य नायकाला मात्र तिथेही पुरस्कार नाही.

आपल्याकडचा सगळ्यात उपयोगी दाखला "सूरराई पोट्रू"चा. एअर डेक्कन ही विमान कंपनी उभारणारे कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या आत्मकथनावर हा तमिळ चित्रपट आधारलेला आहे. ६८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला पाच पुरस्कार मिळाले: सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनेता, अभिनेत्री, पटकथा आणि पार्श्वसंगीत. इथे अभिनयालाही मान मिळाला. नायकाचं यंत्राशी नातं जेवढं रंगवलंय तेवढंच घराशी, गावाशी, बायकोशी रंगवलंय, त्याचं हे फळ आहे असं माझं मत. आपल्या उद्यमनगरच्या नायकाच्या बायकोने दागिने मोडून पहिलं मशिन आणलेलं असेल, तर तो प्रसंग दोन मिनिटांत उरकू नका.

म्हणून पटकथा पक्की झाली की एका संध्याकाळी दिग्दर्शक, संकलक, ध्वनी आणि कला विभागप्रमुखांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: या चित्रपटात तुमच्या विभागाचं सगळ्यात अवघड काम कोणतं? ज्या दोन-तीन विभागांकडे ठोस उत्तर असेल तिथे वेळ आणि पैसा ठेवा. आमच्या चित्रपटात ते ध्वनी आणि कला दिग्दर्शन होतं, कारण जुनी फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) पुन्हा उभी करायची होती.

दुसरी पायरी: गोष्ट कुणाची, कागद कुणाच्या नावे

सगळ्यात जास्त चित्रपट इथेच अडतात, म्हणून इथे जरा थांबू.

आधी पटकथा मूळ की आधारित ते ठरवा. उद्योजकाने आत्मचरित्र लिहिलंय आणि तुमचे प्रसंग त्यातून आलेत, तर पटकथा आधारित ठरते आणि पुस्तकाचे हक्क घ्यावे लागतात. तुम्ही स्वतः मुलाखती घेतल्या, जुनी कात्रणं चाळली, कंपनीचे अहवाल वाचले आणि त्यातून लिहिलंत, तर ती मूळ पटकथा. प्रवेशिकेत चुकीचा रकाना भरला आणि नंतर कुणी पुस्तक पुढे केलं, तर प्रवेशिकाच धोक्यात येते. मुलाखतींच्या तारखा, रेकॉर्डिंग आणि टिपणं जपून ठेवा, मूळ पटकथेचा पुरावा तोच.

हक्कांचा करार करताना कॉपीराइट कायद्यातलं १९ वं कलम लक्षात असू द्या. करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते धरले जातात. कोल्हापुरात "घरचंच हाय की, काय लिहायचंय?" म्हणून शंभराच्या स्टॅम्पवर चार ओळी लिहून मोकळे होतात. मग परदेशी महोत्सव हक्कांचा कागद मागतो आणि तो कागद भारताच्या सीमेवर थांबतो. संपूर्ण जग, संपूर्ण मुदत, सर्व माध्यमं, हे तीन शब्दप्रयोग करारात स्वच्छ लिहून घ्या.

नायक हयात असेल तर त्यांची आणि चित्रपटात दिसणाऱ्या कुटुंबीयांची संमती घ्याच. अवघड असतो तो सोडून गेलेला भागीदार. उद्योगाच्या प्रत्येक गोष्टीत तो असतोच आणि तो सहसा सही करत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य हा निकाल इथे वाट दाखवतो: न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं संमतीशिवाय मांडता येतं, त्यापलीकडे माणसाच्या खासगी आयुष्यात शिरलात तर त्याची संमती लागते. भागीदाराचा दावा कोर्टात गेला असेल तर त्या निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि दृश्य तेवढ्याच हद्दीत ठेवा. भागीदाराच्या घरातलं भांडण कल्पनेने रंगवू नका. चित्रपटाचा मसुदा एकदा वकिलाच्या नजरेखालून घालवण्याचा खर्च मी कधीच टाळत नाही.

जुने फोटो, कंपनीचं बोधचिन्ह, यंत्रावरची नावाची पट्टी, उद्घाटनाची फिल्म, या प्रत्येकासाठी वेगळी परवानगी. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवर छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. शाहूपुरीतल्या एखाद्या जुन्या स्टुडिओने काढलेला फोटो नायकाच्या भिंतीवर लटकतोय, एवढ्याने तो तुमचा होत नाही.

तिसरी पायरी: शीर्षक आणि रोजची फाइल

शीर्षकाची नोंदणी लवकर करा. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय आपल्याच शहरात आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या निर्मात्यांपेक्षा आपल्याला हे काम सोपं. सेन्सॉरच्या वेळी शीर्षकाचा कागद लागतोच.

शूटिंग सुरू झालं की एक बॉक्स फाइल फक्त पुरस्कारांसाठी ठेवा. त्यात काय जातं? प्रत्येक विभागप्रमुखाचा करार, श्रेयनामावलीवर प्रत्येकाची सही, संगीत मूळ असल्याचं पत्र, सेटचे आधीचे आणि नंतरचे फोटो, ध्वनिमुद्रणाच्या नोंदी. श्रेयनामावलीवर जास्त भर द्या. पुरस्कार पडद्यावर लिहिलेल्या नावाला मिळतो. ध्वनी दोघांनी केला आणि पडद्यावर एकाचंच नाव आलं, तर नंतरची पत्रापत्री उपयोगाची नाही. नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डाशी जुळतंय का, तेही त्याच दिवशी बघून घ्या.

दोन बारीक गोष्टी. एका शॉटमध्येही बैलगाडी किंवा घोडा असेल तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते, आणि सेन्सॉरला त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र द्यावं लागतं. फौंड्रीतला कामगार बिडी ओढताना दाखवलात तर त्या दृश्यात पडद्यावर इशारा, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची आरोग्यविषयक फिल्म आणि २० सेकंदांचं निवेदन. माझा सल्ला असा, की बिडीने दृश्यात काही भर पडत नसेल तर ती काढाच. परीक्षकासमोर चित्रपटाची सुरुवात तंबाखूच्या जाहिरातीने कशाला करायची?

चौथी पायरी: प्रमाणपत्रावरची तारीख

राष्ट्रीय आणि राज्य पुरस्कारांचं वर्ष प्रदर्शनावर ठरत नाही. ते सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवर ठरतं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. "हरिश्चंद्राची फॅक्टरी" हे याचं चांगलं उदाहरण. दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा आणून घरातच कारखाना थाटला, त्या अर्थी हा तंत्रज्ञ-उद्योजकाचाच चरित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २००८ सालासाठी, ५६ व्या पुरस्कारांत. थिएटरांत तो सगळीकडे लागला जानेवारी २०१० मध्ये. "सूरराई पोट्रू" तर नोव्हेंबर २०२० मध्ये थेट ओटीटीवर आला, तरी राष्ट्रीय पुरस्काराच्या आड ते आलं नाही, कारण सेन्सॉरचं प्रमाणपत्र होतं. थिएटर मिळालं नाही म्हणून हातपाय गाळून बसलेल्या निर्मात्याला मी हे नेहमी सांगतो.

आमचीही एकदा चूक झाली. ध्वनीचं अंतिम मिश्रण आमच्याकडूनच लांबलं, अर्ज डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेला आणि प्रमाणपत्र जानेवारीच्या तारखेचं आलं. एक अख्खं वर्ष थांबावं लागलं. तेव्हापासून वर्ष पकडायचं असेल तर ऑक्टोबरच्या आत अर्ज, हा माझा नियम. अर्ज ऑनलाइन ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो. २०२४ च्या नव्या नियमांनंतर यूए (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचा चित्रपट) प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे आलेत. उद्योजकाच्या चित्रपटात सहसा यू (सगळ्यांसाठी खुला) किंवा यूएचा पहिला टप्पा मिळायला अडचण येत नाही, फौंड्रीतल्या अपघाताचं दृश्य किती थेट दाखवताय त्यावर थोडं अवलंबून.

पाचवी पायरी: कुठे आधी, कुठे नंतर

महोत्सवांचा क्रम चुकला की दारं बंद होतात. मोठे महोत्सव पहिलं प्रदर्शन स्वतःकडे मागतात, म्हणून गावातला कौतुकाचा शो घाईने लावू नका आणि यूट्यूबवर तर काहीच टाकू नका. मी सांगतो तो क्रम साधारण असा:

१. गोव्याच्या इफ्फीतला (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) इंडियन पॅनोरमा, म्हणजे भारतीय चित्रपटांचा विभाग. महोत्सव नोव्हेंबरात, प्रवेशिका त्याच्या काही महिने आधी. देशभरातून साधारण २५ फीचर निवडले जातात, त्यामुळे निवड झाली तरी मोठा मान.
२. पुण्याचा पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जानेवारीत. तिथला मराठी स्पर्धेचा राज्य शासनाचा पुरस्कार "संत तुकाराम" या नावाने दिला जातो. तो चरित्रपट प्रभातने काढला, आणि प्रभातची स्थापना १९२९ मध्ये आपल्या कोल्हापुरात झाली. आपल्या चरित्रपटाला त्या नावाचं बक्षीस मिळावं, ही इच्छा मनात ठेवूनच मी प्रवेशिका भरतो.
३. महाराष्ट्र राज्य मराठी चित्रपट पुरस्कार. दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर, भालजी पेंढारकर यांच्या नावांचे पुरस्कार तिथे आहेत.
४. राष्ट्रीय पुरस्कार. मराठी चित्रपट आधी पश्चिम विभागाच्या परीक्षक मंडळाकडे जातो आणि तिथून पुढे गेला तर केंद्रीय मंडळाकडे. दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट असेल तर पदार्पणाचा विभाग विसरू नका. ७० व्या पुरस्कारांपासून सुवर्ण कमळासोबत ३ लाख आणि रजत कमळासोबत २ लाख रुपये मिळतात.

चित्रपट माहितीपटाच्या अंगाने गेलेला असेल तर नॉन-फीचर विभाग बघा. तिथे चरित्र आणि इतिहास यांच्यासाठी वेगळा पुरस्कार आहे आणि ७० व्या पुरस्कारांत तो अशोक राणे यांच्या "आणखी एक मोहेंजोदारो"ला मिळाला. पूर्ण लांबीचा कथापट झेपत नसेल, तर आपल्या उद्योजकावर चांगला माहितीपट करणं ही दुय्यम वाट अजिबात नाही.

कोल्हापूरचा आपला महोत्सव, कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचा, मी या यादीत क्रमांक देऊन घालत नाही. तिथे चित्रपट दाखवायचा तो आपल्या माणसांसाठी. दसरा चौकात शाहू स्मारकात मिस्त्री, कामगार, त्यांची मुलं बसलेली असताना पट्ट्याच्या लेथचा आवाज सभागृहात घुमतो, तो अनुभव निराळाच.

दर महिन्याला पुरस्कार वाटणाऱ्या, फी घेऊन पोस्टरवर छापायला पानांच्या नक्षीची मानचिन्हं पाठवणाऱ्या ऑनलाइन महोत्सवांपासून दूर राहा. त्यांच्या फीमध्ये एक चांगलं सबटायटल होतं.

सहावी पायरी: सबटायटल, सारांश, प्रत

राष्ट्रीय पुरस्कार असोत की इफ्फी, इंग्रजी सबटायटल लागतातच. मराठी न येणारा परीक्षक तुमचा नायक त्या खालच्या दोन ओळींतूनच ओळखणार आहे. हे काम शेवटच्या आठवड्यात मशिनकडून करून घेतलं की काय होतं ते मी बघितलंय. पहिलं इंजिन सुरू होतं, बाप मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "नाद खुळा काम केलंस!" आणि खाली इंग्रजीत वेड्या आवाजाबद्दल काहीतरी येतं. चित्रपटातला सगळ्यात हळवा क्षण तिथेच गेला.

सबटायटल करणारी व्यक्ती अशी शोधा, जिला कोल्हापुरी कळते आणि जी साधं इंग्रजी लिहिते. तिला एक दिवस फौंड्रीत घेऊन जा. साचा, कोअर, ओतकाम, फेटलिंग डोळ्यांनी बघितलं की शब्द आपोआप बरोबर येतात. एका वेळी दोनच ओळी. यांत्रिक शब्द संपूर्ण चित्रपटात एकसारखे. आणि तयार झालेली सबटायटल मराठी न येणाऱ्या माणसाला आवाज बंद करून दाखवा. तो कुठे हसतो, कुठे गोंधळतो, ते टिपून घ्या.

सारांश लिहिताना "खडतर संघर्षातून यशाकडे" असली वाक्यं नकोत, परीक्षकाने तशी शेकडो वाचलेली असतात. नायकाने नेमकं काय बनवलं ते पहिल्या वाक्यात आलं पाहिजे. "उद्यमनगरातला एक टर्नर परदेशी पंपाचा सुटा भाग उघडून बघतो आणि तसाच भाग निम्म्या खर्चात बनवायचा हट्ट धरतो." एवढं वाचलं की माणूस पुढे वाचतो.

प्रत डीसीपीची, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत. ती घरच्या कॉम्प्युटरवर तपासू नका, खऱ्या थिएटरमध्ये सकाळच्या पहिल्या शोआधी तासभर मागून घ्या आणि पाचही स्पीकरचा आवाज, सबटायटलची जागा, काळ्या फ्रेम सगळं शेवटपर्यंत बघा. परीक्षकांना पाठवायच्या ऑनलाइन लिंकला पासवर्ड लावा, आणि निकाल लागेपर्यंत तो बदलू नका.

ऑस्करची वाट

विचारणारे असतात, म्हणून थोडक्यात. भारताची अधिकृत प्रवेशिका फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते. त्यासाठी त्या वर्षीच्या मुदतीत थिएटरमध्ये सलग सात दिवस प्रदर्शन आणि निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत, या अटी आहेत. मराठीतून "श्वास", "हरिश्चंद्राची फॅक्टरी" आणि "कोर्ट" तिथवर गेले. तीनातला एक तर आपल्याच विषयाच्या जवळचा.

एका बक्षिसावरून दुसऱ्याचा हिशोब मात्र मांडू नका. ॲपलच्या संस्थापकावरच्या "स्टीव्ह जॉब्स"ला पटकथेचा गोल्डन ग्लोब मिळाला, आणि ऑस्करमध्ये त्याच पटकथेला नामांकनसुद्धा नव्हतं. ऑस्करची नामांकनं त्या-त्या कलेतले सदस्य ठरवतात, गोल्डन ग्लोबला पत्रकार. परीक्षक बदलला की नजर बदलते. म्हणून एकीकडून नकार आला तरी पुढची प्रवेशिका थांबवायची नाही.

निकालानंतर

निकाल काहीही लागो, महिन्याभरात एक काम करा. चित्रपटाची मूळ डिजिटल फाइल, ध्वनीचे सुटे ट्रॅक, सबटायटल आणि ती बॉक्स फाइल यांच्या तीन प्रती काढा. एक निर्मात्याकडे, एक दुसऱ्या गावात, आणि तिसरी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे देण्यासाठी पत्र लिहा. हार्ड डिस्क कपाटात पडून राहिली की बंद पडते, दर सहा महिन्यांनी चालू करून बघा. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, १९२० मध्ये "सैरंध्री" काढला, आणि त्या चित्रपटाची प्रत आज बघायला मिळत नाही.

मिस्त्रींनाही एक प्रत द्या. आमच्या मिस्त्रींनी ती पेन ड्राइव्हवर मागितली, नातवाच्या टीव्हीला लावायला.